धूळ बसू दे

माझा नवरा मेला, असं डेरेकने भर वर्गात जाहीर केलं तेव्हा मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. तो रूथच्या वर्गाचा पहिला नियम. ज्याची फिल्म, त्याने दिवे लागल्यावर गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी आपल्याला काय दिसलं ते बोलायचं. फिल्मला स्वतःला बोलता येत नसेल तर तिच्या आईने मध्ये पडू नये, असं रूथचं म्हणणं. तर दिवे लागले, पडदा पुन्हा नुसता पांढरा कपडा झाला, आणि खिडकीशी बसणारा डेरेक, साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेनवर आयुष्य काढून रिटायर झालेला रुंद खांद्यांचा म्हातारा, पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "वेल, ही इज डेड, इझन्ट ही? द हजबंड." वर्गातल्या यच्चयावत माना हलल्या. हो, हो, मेलाच की. मागच्या रांगेतल्या एका मुलीने तर डोळेही पुसले. तो दारातून जातो, बाई झाडू उचलते, पण तिच्यात त्राण नाही म्हणून ठेवून देते. जमिनीवर टोस्टचा चुरा तसाच, ती नुसती बसून राहते. मग टेबलावरचा फोन थरथरतो, म्हणजे हॉस्पिटलमधून बातमी येते. आणि मग ती उठून झाडायला लागते, म्हणजे तिने ते स्वीकारलं. व्हेरी मूव्हिंग, असं रूथसुद्धा म्हणाली. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाच मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये दारातून बाहेर जाणारा माणूस माझा खराखुरा नवरा होता, शशिधर, आणि त्याला काही होऊ नये एवढ्याचसाठी ती बाई झाडू ठेवून देत होती.

शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग. खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. सकाळी शशी ड्यूटीवर गेला तेव्हा मी झाडूला हात लावला नव्हता, हे मी मनातल्या मनात तपासून पाहिलं. पोचल्यावर त्याने दोन रिंगा दिल्या होत्या, हेही. ही आमची जुनी पद्धत. नव्याने आलो तेव्हा तो हॉस्पिटलच्या खालच्या पेफोनवरून घरी दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा. मी उचलायचा नाही, म्हणजे नाणं परत खाली यायचं आणि मला कळायचं की पोचला. पुढे मोबाइल आले, तो कन्सल्टंट झाला, माणसांना भूल देण्यात त्याचं नाव झालं, आता फोन करून तासभर बोलला तरी फरक पडला नसता. पण दोन रिंगा राहिल्या. तर सकाळी त्या आल्या होत्या. पण ते सकाळचं. दुपारचं काय? एवढी माणसं एका खोलीत बसून एका माणसाला एकमताने मेलेला म्हणतात, आणि तो तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये निळी टोपी घालून उभा आहे, याचा त्याला काहीच संसर्ग होत नसेल का? मी बी.एस्सी. झालेली बाई आहे, फिजिक्स घेऊन. कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते आणि राशिभविष्याची पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर ठेवते. पण त्या खुर्चीत मी पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून धरली होती, आणि डेरेकला पुढचा शब्द बोलू देऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

हे फिजिक्सचं आणि झाडूचं भांडण मला आईकडून मिळालं. आई नागपुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ग्रहण लागलं की आम्हाला गच्चीवर नेऊन मुद्दाम चिवडा खायला लावायची, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालायची. बाबा बँकेचे इन्स्पेक्टर, महिन्यातले पंधरा दिवस चंद्रपूर नाहीतर गोंदियाला. त्यांची बॅग दाराबाहेर पडली की आई, जी एरवी उभ्याउभ्या चहा प्यायची, ती पाटावर बसून सावकाश चहा प्यायची. झाडू खिळ्यालाच टांगलेला असायचा. चपलांची माती, बुटाला पॉलिश करून फेकलेलं फडकं, रेल्वेच्या डब्यासाठी केलेल्या पोळ्यांचं पीठ, सगळं तसंच. मी एकदा विचारलं, घर झाडत का नाहीस? ती म्हणाली, "त्यांच्या चालण्याने उडलेली धूळ आहे. आधी खाली बसू दे." कितीतरी वर्षं मी हे विज्ञान समजत होते. धुळीचा कण हवेत किती वेळ तरंगत असेल याचा मी कॉलेजात हिशेबही करून पाहिला होता, आणि बाबांना चंद्रपूरला पोचायला लागणारा वेळ आणि धुळीला बसायला लागणारा वेळ एकच कसा, हे मात्र तिला विचारलं नव्हतं. माणूस घराबाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे कुणी शिकवत नाही. ती हाताला आपोआप येते. इथे आल्यावर मी कार्पेट स्वीकारलं, केर ओढून घेणारा हूव्हर स्वीकारला, पण पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लाकडी पट्ट्यांची जमीन करून घेतली, आणि तिथे साउथॉलच्या देशी दुकानातून आणलेला गवती झाडू चालतो. शशी निघाला की तो थांबतो.

म्हणूनच रूथने टर्मच्या सुरुवातीला प्रोजेक्ट दिला, एक गोष्ट फक्त चित्रांनी सांगा, संवाद नाही, पडद्यावर अक्षर नाही, तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. वर्गातल्या पोरापोरींनी खून घेतले, ब्रेकअप घेतले. मी कॅमेरा जमिनीलगत ठेवला, कारण ही गोष्ट जमिनीवर घडते, आणि आठवडाभर सकाळी शशीला बूट घालून चार-चार वेळा घराबाहेर काढलं. शूट करताना मला इतका आनंद झाला होता की लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच मी त्याला उशीर होऊ दिला. आणि आता हे. माझी फिल्म लोकांना आवडली होती, आणि तिच्यातलं एक अक्षरही त्यांना कळलं नव्हतं.

मधल्या सुटीत मी जिन्यात जाऊन फोन लावला. उचलला नाही. म्हणजे थिएटरमध्ये असणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. थोड्या वेळाने त्याचाच आला. सासूबाई असताना मी त्याला अहो म्हणते, एरवी शशी.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. तू बरा आहेस ना?"

"मी बराय. पेशंट झोपलाय. तू बोल."

मी म्हटलं, काही नाही, ठेव. तो आवाज ऐकल्यावर मला जो राग आला तो आधी कुठे दडून बसला होता कोण जाणे. डेरेकवर नाही. वर्गावरही नाही. रूथने सुटीत मला बाजूला घेऊन, दंडावर हात ठेवून, मी काय दाखवत होते ते विचारलं आणि मी ते दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उजळला. मग ती म्हणाली, "वन लाइन ऑफ टेक्स्ट, अॅट द स्टार्ट. फॉर यू, आय'ड बेंड द रूल." ते 'फॉर यू' मला झोंबलं. खून दाखवणाऱ्या पोरांना ती सवलत नव्हती. सवलत मला होती, कारण मी बाहेरची, कारण माझ्या गोष्टीला कुबडी लागणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. आणि तिचंही काय चुकलं? इथे आल्यापासूनची माझी वीसेक वर्षं समजावून सांगण्यातच गेली. टिकली म्हणजे काय, मंगळसूत्राचे मणी काळेच का, मराठी ही हिंदीची बोली का नाही. उपासाच्या दिवशी मी दुप्पट का खाते, हे ज्याला इंग्रजीत समजावता येईल त्याने येऊन समजावून दाखवावं. मी सगळं समजावलं. हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्ट्यांत, शाळेच्या फाटकाशी, लायब्ररीच्या काउंटरवर. माझं इथलं आयुष्य तळटीपांमध्ये गेलं, आणि तळटीपांचं मला एक कळलंय. तळटीप वाचून लोक समजून घेतात, मान हलवतात, हाउ इंटरेस्टिंग म्हणतात. हसत कुणी नाही आणि रडत कुणी नाही. एकदा, आयुष्यात एकदाच, मी काही न समजावता माझं म्हणणं कुणाला तरी कळावं, एवढ्यासाठी मी या वयात फिल्म शिकायला आले होते. आणि या प्रोजेक्टवर पुढच्या वर्षाची जागा ठरणार होती. मी रूथला म्हटलं, ओळ नको. डिसेंबरात टर्म संपायच्या आत मी हीच फिल्म परत दाखवीन, आणि तेव्हाही मी गप्पच बसेन. ती म्हणाली, बरं, पण तेव्हाही कळली नाही तर मला तुला पुढे पाठवता येणार नाही.

कॉफीच्या मशीनपाशी डेरेक उभा होता. मी दुखावले गेलेय हे त्याला कळलं असावं. त्याने माझ्यासाठी पेला भरायला लावला, आणि मशीनकडे बघतच सांगितलं की त्याची बायको मॉरीन मागच्या हिवाळ्यात गेली. घरातूनच नेलं तिला. "आय हूव्हर्ड," तो म्हणाला. "सून अॅज द व्हॅन वॉज गॉन. होल हाउस, टॉप टु बॉटम. डोन्ट आस्क मी व्हाय." मग त्याने झाकण नसलेला पेला माझ्यापुढे सांभाळून धरला आणि वर्गात निघून गेला.

मी तिथेच उभी राहिले. कारण बाबांना नेलं तो दिवस मला दिसत होता. माणसं फाटकाबाहेर पडली न पडली तोच शेजारच्या रेखामावशींनी पदर खोचून झाडू हातात घेतला होता. आतल्या खोलीत आई बसली होती. झाडूचा आवाज आला तशी तिने मान वर केली. मला वाटलं, ती म्हणेल, थांबा, धूळ बसू दे. पण ती म्हणाली, "झाडा आता." तेवढंच. तेव्हा मला सगळी गोष्ट एकदम कळली होती, आईच्या चहासकट. परत येणाऱ्याची धूळ राखायची असते. न येणाऱ्याची लगेच काढायची. आणि हे डेरेकला ठाऊक होतं! कुणी न शिकवता, नागपूर न बघता, साउथहॅम्प्टनच्या एका गल्लीत, हूव्हर हातात घेऊन त्याने तेच केलं होतं. म्हणजे माझी फिल्म त्याला कळली नव्हती असं नाही. अर्धी कळली होती. झाडूची भाषा त्याला येत होती, फक्त त्याला त्या भाषेतला एकच शब्द माहीत होता. दुसरा मला दाखवायचा होता. कॉफी बेचव होती, पण मी ती सगळी प्यायले.

घरी शशी जेवताना खूप हसला. आपल्या मरणाला किती लोक हजर होते, कुणी रडलं का, त्याने सगळं विचारून घेतलं. मग तोही म्हणाला, अगं, घाल ना एक ओळ, काय बिघडतंय. मी भाजीचं पातेलं जरा जोरात ठेवलं. आमची आर्या, वय वर्षं पंधरा, इथेच जन्मलेली, मराठी प्रेमाने आणि आडदांडपणे बोलते. ती म्हणाली, "आई, मला कळला, बिकॉज मी तुझा झाडू रोज बघते. त्यांनी रोज नाही बघितला." मी तिचं लिंग-वचन सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. रोज. त्यांना एकच सकाळ दिसली होती. एका सकाळवरून कुणाला काय कळणार की ही बाई एरवी काय करते?

त्यानंतर दोनेक आठवडे मी नुसती धुसफुसत होते. काहीतरी आधी दाखवायला हवं, हे कळत होतं. पण काय? आर्या शाळेत जाते आणि मी थांबते, ते मी शूट केलं. बरं झालं. पण थांबण्यापुढे थांबणं ठेवलं की दुप्पट थांबणं होतं, अर्थ होत नाही. मग एका शनिवारी दारावर एक माणूस आला. खिडक्यांना डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काचा, बसवून देणारा. मी आधीच खिडक्या बदलल्या आहेत, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, तरी तो आत आला, बसला, माझ्या काचांवर बोटाने टकटक करून दुःखी झाला. त्याने मला थंडीची भीती घातली, चोरांची घातली, घराची किंमत पडेल असं सांगितलं. त्याने कस्टर्डची बिस्किटं खाल्ली आणि चुरा सांडला. किती वेळ बसला होता देव जाणे. शेवटी त्याला दाराशी नेलं, त्याचा मागचा पाय उंबऱ्याबाहेर पडला, आणि माझ्या हातात झाडू होता. कधी घेतला ते मला आठवत नाही. मी सपासप झाडत होते, बिस्किटांचा चुरा त्याच्या बुटांपर्यंत जात होता, मनात नुसतं चाललं होतं, पुन्हा येऊ नकोस बाबा, पुन्हा येऊ नकोस. आणि मध्येच माझा हात थांबला. मी उंबऱ्यात झाडू धरून उभी राहिले आणि एकटीच मोठ्याने हसायला लागले. समोरची बाई कुत्र्याला घेऊन निघाली होती, तिने हात हलवला, मीही झाडू हलवला.

आता हवा होता सेल्समन. खऱ्याला परत बोलावण्यात अर्थ नव्हता. त्याच्यामागे मी मनापासून झाडलं होतं. मी रीडिंग शहरात राहणाऱ्या राजीवला फोन केला. राजीव शशीच्या धाकट्या भावाचा मित्र, पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, आणि महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारा. रविवारी तो इंटरव्ह्यूचा सूट आणि लाल टाय घालून आला, हातात फाइल. पोहे खाल्ले आणि कामाला लागला. काम सोपं होतं. बसायचं, खिडकीकडे बोट दाखवायचं, बिस्किट खायचं, उठून जायचं. मी कॅमेरा जमिनीवर ठेवला, शशीच्या वेळी होता अगदी त्याच जागी. राजीव निघाला, पाय बाहेर, आणि मी झाडू घेऊन त्याच्या पाठीमागे. एकदा त्याचा टाय दारात अडकला, एकदा आर्या हसली, म्हणून तीनदा हाकलला आणि तीनदा परत बोलावला. शेवटचा शॉट झाल्यावर मी टेप बंद केली आणि म्हटलं, झालं, मस्त झालं, आता नीघ, मोटरवेला गर्दी होईल. तो फाटकापाशी उभा.

"वहिनी, आता मी जाऊ कसा?"

"कसा म्हणजे? गाडीने."

"तसं नाही. तुम्ही माझ्यामागे केर काढलात."

"अरे, फिल्ममध्ये."

"झाडू तर खरा होता ना," राजीव म्हणाला.

चेष्टा करावी म्हणून मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून माझ्याही अंगावर काटा आला. सकाळपासून एका सज्जन पोराला मी तीनदा घराबाहेर झाडून टाकलं होतं. मी त्याला आत आणलं, सोफ्यावर बसवलं, उरलेले पोहे गरम करून दिले. सूट काढून तो शशीच्या जुन्या स्वेटरमध्ये बसला आणि मॅच बघत राहिला. अंधार पडताना निघाला तेव्हा मी दारात उभी राहून हात केला, मग आत येऊन चहा घेतला. बसून. टोस्टचा, बिस्किटाचा, पोह्यांचा, सगळा केर पायाखाली तसाच. रीडिंगहून दोन रिंगा आल्या आणि थांबल्या. आणि मग लगेच तिसरा, खरा फोन आला, की वहिनी, थांबलात ना तुम्ही? त्याचं व्याख्यान मी अजूनही ऐकते. हल्ली तो माझ्याकडे बघून बोलत नाही एवढंच.

एडिटिंगचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते असं म्हटलं तर शशीला राग येईल, पण तो हे वाचणार नाही. लायब्ररीतून सुटले की मी कॉलेजच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसायची. एक पोळीची गुंडाळी, एक बाटली पाणी, आणि समोर माझाच उंबरा. आर्या जाते. बाई झाडू काढते, खिडकीकडे बघते, परत खिळ्याला टांगते. बस कोपऱ्यावरून वळते. बाई झाडते. मग टायवाला जातो. इथे मी कट असा मारला की त्याची टाच उंबऱ्यावरून उचलली जाते आणि झाडूचं गवत तिथे येऊन पडतं, मध्ये श्वासालाही जागा नाही. आणि मग शशी. त्यातली एक फ्रेमही मी हलवली नाही. जिच्यावर वर्गाने माझं कुंकू पुसलं होतं ती फिल्म जशीच्या तशी शेवटी ठेवली. तिच्याआधी फक्त दोन माणसं घराबाहेर घातली. त्या खोलीत मला आई आठवायची, पाटावर बसलेली, बशीत चहा ओतून फुंकणारी. तिने कधी काही समजावलं नव्हतं. धूळ बसू दे, एवढंच म्हणाली होती, आणि तेही मी विचारलं म्हणून. बाकी सगळं मी नुसतं बघून शिकले होते, रोज बघून. म्हणजे ती माझी रूथच होती म्हणायची, फक्त जास्त कडक.

डिसेंबरातल्या शेवटच्या वर्गाला रूथने नाताळचे गोड मिन्स पाईज आणले होते. सगळे खात होते, जमिनीवर चुरा. मी माझा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. माझं नाव घेतलं गेलं, दिवे गेले, मी पुन्हा त्याच खुर्चीच्या कडा धरल्या. पहिल्या भागाला वर्गात काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. आर्याची बस वळली, मी झाडलं, झालं. मला वाटलं, संपलं सगळं, जावं उठून. मग राजीव आला. त्याचं ते बोट, ते बिस्किट. तो उठला. त्याची टाच उचलली. झाडू पडला.

मग खिडकीकडून डेरेक हसला, पोटातून, खोकल्यासारखा एकच मोठा आवाज, आणि पाठोपाठ अख्खा वर्ग. अहाहा! तो हशा माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून वाहत गेला. अंधारात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. ते माझ्या देशाला हसत नव्हते, माझ्या झाडूला हसत नव्हते. त्या बाईच्या मनात काय आहे ते त्यांना दिसलं होतं, आणि तिच्या बाजूने ते हसत होते. पहिल्या भागात ती का थांबली होती तेही त्यांना आता, मागे वळून, कळत होतं. हशा विरताना ते कळणं मला ऐकू येत होतं. मग शशी आला. त्याने बूट घातले, बॅग उचलली, टोस्टचा शेवटचा तुकडा तोंडात घातला. दार लागलं. बाईचा हात झाडूकडे गेला, झाडू खिळ्यावरून निघाला, आणि मागच्या रांगेतून, ऑक्टोबरात जिने डोळे पुसले होते त्या मुलीचा आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच.

"नो. डोन्ट."

पडद्यावरच्या बाईने झाडू परत टांगला. मागे कुणीतरी श्वास सोडला. ती बसली. चुऱ्यावरचं ऊन सरकलं. टेबलावर फोन थरथरला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि थांबला. तिने तो उचलला नाही. ती उठली आणि निवांत, गाणं म्हणत असल्यासारखी झाडायला लागली. दिवे लागले. नियमाप्रमाणे मी गप्प. रूथ सगळ्यांकडे बघत होती. पुन्हा डेरेकच बोलला, पुन्हा पडद्याकडे बघत.

"ही'ज गॉट देअर, देन," तो म्हणाला.

पोचला म्हणायचा. बस. त्यावर कुणाला काही जोडावंसं वाटलं नाही. रूथने नेहमीप्रमाणे शेवटी मला विचारलं, तुला काही सांगायचंय? मी नाही म्हटलं. आयुष्यात इतक्या समाधानाने मी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. रूथ जराशी हसली आणि वहीत न बघता म्हणाली, "सी यू इन जॅन्युअरी, वैजयंती." माझं नाव तिने पहिल्यांदाच न अडखळता घेतलं.

मग खुर्च्या सरकल्या, मफलर, टोप्या, मेरी ख्रिसमस. मुलं पांगली, रूथ टेप्सची पेटी घेऊन ऑफिसात गेली. मी कोट घालत होते. डेरेकला पसारा सहन होत नाही. बंदरातली सवय असेल. त्याने कोपऱ्यातल्या कपाटातून लांब दांड्याचा झाडू काढला, मिन्स पाईजचा चुरा झाडायला वाकला, आणि त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दाराशी होते, पिशवी खांद्यावर. तो सरळ झाला. झाडू त्याने भिंतीला टेकवून उभा केला, दोन्ही हात कार्डिगनच्या खिशांत घातले, आणि थांबला.

मी बाहेर पडले. जिना कसा उतरले ते मला माहीत नाही. चार वाजून गेले होते, म्हणजे डिसेंबरात काळोखच, आणि कारपार्क ओला होता. गाडीत बसल्यावर वर पाहिलं तर वर्गाच्या खिडकीत उजेड, आणि त्यात डेरेक, अजून तसाच, खिशांत हात घालून, माझ्या गाडीकडे बघत. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. घरी पोचायला मला अजून अर्धा तास लागणार, आणि तोवर तो म्हातारा तिथे उभा राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी गाडी चालू केली आणि दिवे दोनदा लावले, दोनदा विझवले. खिडकीतल्या माणसाने मान हलवली, मग भिंतीकडे वळून त्याने झाडू उचलला आणि झाडायला लागला.